समोर बसून जेवणारे अप्पा

आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळींत एखादं मूल जेवेनासं झालं की आधी त्याची दृष्ट काढत, मग डॉक्टरला दाखवत, आणि दोन्ही उपाय थकले की अप्पा घैसासांना जेवायला बोलावत. मुलाला भरवायला नव्हे. भरवण्याचा अप्पांना मनापासून तिटकारा होता. ते यायचे, मुलाच्या समोर पाटावर बसायचे, स्वतः पोटभर जेवायचे आणि छत्री उचलून घरी जायचे. उपचार तो एवढाच.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोणीतरी आपली फिरकी घेतंय असंच मला वाटलं. ह्यांची बदली होऊन आम्ही कलकत्त्याला नुकतेच आलो होतो. मंडळाच्या गणपतीत डमडमच्या सुमतीबाईंची ओळख झाली. त्यांचा नातू म्हणे आता भाताच्या आधी कारलं मागत होता.

"असं काय केलं अप्पांनी?" मी विचारलं.

"काही नाही. समोर बसून जेवले."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे सरकारी खात्यात हिशेब तपासायला असल्यामुळे कुठल्याही गोष्टीत गफलत शोधायची ह्यांना सवय. हे म्हणाले, "म्हणजे स्वयंपाक आपण करायचा, जेवायचं त्यांनी, आणि वर आभारही आपणच मानायचे. धंदा वाईट नाही."

पण आम्ही अगदी टेकीला आलो होतो. आमची मंजू तेव्हा चार वर्षांची झाली होती आणि पांढऱ्या रंगाशिवाय काही खात नव्हती. दूध, भात, दही, मुडी म्हणजे आपले चुरमुरे, उकडलेला बटाटा, आणि कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडचा पांढरा संदेश. वरण पिवळं म्हणून बाद. पोळीला तपकिरी डाग असतात म्हणून पोळी बाद. दहीभाताला मी चुकून फोडणी घातली तर ही एकेक मोहरी वेचून ताटाच्या कडेला ओळीने मांडायची आणि त्या कामात जेवणाची वेळ संपायची. काऊचा घास, चिऊचा घास करून पाहिलं. कलकत्त्यात कावळ्यांची ददात नाही. गॅलरीत घेऊन बसले की काऊचा घास खरोखरच काऊ घेऊन जायचा आणि मंजू टाळ्या पिटायची. ट्राम दाखवत भरवलं, तर ट्राम येईपर्यंत तोंड उघडायची नाही आणि आली की तोंड उघडून नुसती बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, भूक लागली की खाईल. साताऱ्याहून आई लिहायची, तुम्ही कोणी असली थेरं केली नाहीत. शेवटी गॅलरीतून खाली ट्रामकडे बघत मीच ठरवलं की बोलावूया त्या घैसासांना, एका माणसाच्या जेवणाने काही आपण बुडत नाही.

अप्पा आले ते धोतर, बंद गळ्याचा कोट आणि छत्री अशा जुन्या थाटात. साठी उलटलेली, अंगाने शिडशिडीत. इतक्या घरी जेवणारा माणूस इतका वाळकुडा कसा, हा पहिला प्रश्न माझ्या मनात आला. ते भवानीपूरचे. त्यांच्या आजोबांपासून सगळे घैसास कलकत्त्यातच जन्मले. मराठी स्वच्छ बोलत, पण रागावले की बंगालीत रागवत. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि मंडळातल्या झाडून सगळ्या तरुण बायकांना ते 'सूनबाई' म्हणत.

आत पाऊल टाकताच म्हणाले, "सूनबाई, ती उदबत्ती विझवा."

"देवापुढे आहे, अप्पा."

"देव रागवायचा नाही. आणि केसांना वासाचं तेल असेल तर तुम्ही दाराशी थांबा. चाखणाऱ्याच्या खोलीत दुसरा वास चालत नाही."

चाखणारे म्हणजे खरोखरचे. डलहौसी चौकातल्या एका कंपनीत अप्पांनी उभा जन्म चहा चाखण्यात घालवला होता. लांबलचक टेबलावर कपांची रांग मांडलेली असते, चाखणारा एकेका कपातून चमचाभर चहा जोरात ओढून घेतो, तोंडात घोळवतो, थुंकतो आणि एक शब्द बोलतो. त्या एका शब्दावर मळेवाल्याची वर्षाची कमाई ठरते. कडक, जीभ जागी करणारा चहा असेल तर 'ब्रिस्क'. मेलेला, निपचित असेल तर 'फ्लॅट'. नोकरी संपली तरी अप्पांचे शब्द संपले नव्हते. माणसं, गाणी, मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण, सगळं एक तर ब्रिस्क असायचं नाही तर फ्लॅट. अध्यक्षांचं भाषण कायम फ्लॅट असायचं.

मी कारल्याची परतून भाजी केली होती, आमटी केली होती. अप्पांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला एक खोलगट चांदीचा चमचा काढला. नोकरीतला. मंजूला समोरच्या पाटावर बसवलं आणि तिच्या ताटात दहीभात वाढायला लावला. मग मला म्हणाले, "आता हिच्याशी कोणी बोलायचं नाही. हिच्याकडे बघायचंही नाही. ही इथे नाहीच असं समजा."

मग त्यांनी चमचाभर आमटी ओढली. तो आवाज कसा सांगू? पाण्याची मोरी तुंबून एकदम मोकळी व्हावी तसा. मंजूच्या हातातला घास ताटात पडला. अप्पांनी डोळे मिटले, आमटी या गालातून त्या गालात फिरवली, गिळली, आणि पुटपुटले, "ब्रिस्क."

पुढचा अर्धा तास मी दाराशी उभी राहून जे पाहिलं ते पुन्हा कुठल्या रंगमंचावर पाहायला मिळालं नाही. कारल्याची एक चकती अप्पांनी उचलली, उजेडाकडे धरली, तिच्याशी ओळख करून घेतल्यासारखी मान हलवली आणि दाताखाली धरली. कुरकुर आवाज झाला. त्यांच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या, कपाळाला आठ्या पडल्या आणि मग सगळा चेहरा असा निवला की मला त्या कारल्याचा हेवा वाटला. लग्नानंतर माझ्या स्वयंपाकाला एवढा मान कोणी दिला नव्हता. हे तर वर्तमानपत्र वाचत जेवतात.

मंजूने हळूच हात पुढे केला. अप्पांनी तिच्याकडे न बघता ताट मागे ओढलं. "हे मोठ्यांचं आहे."

थोड्या वेळाने हात पुन्हा आला. "तुला नाही आवडायचं," अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

"आवडेल," मंजू म्हणाली. चार वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी जेवणाच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकत होते.

अप्पांनी फार नाखुशीने एक चकती तिच्या ताटात टाकली. तिने ती तोंडात घातली. आधी तोंड वाकडं झालं, एक डोळा मिटला, जीभ बाहेर आली. मला वाटलं थुंकणार. पण नाकावरची सुरकुती हळूहळू निघाली, डोळा उघडला, आणि ती चावत राहिली. या सगळ्या वेळात अप्पा जेवायचे थांबले होते. चमचा हातात तसाच, आणि नजर पोरीच्या चेहऱ्यावरून ढळत नव्हती. डॉक्टर औषध लागू पडतंय का ते बघतात, तसं काहीतरी असेल असं मी धरून चालले.

जेवण झाल्यावर मी चहा विचारला. "चहा?" अप्पा म्हणाले. "जन्मभर जो थुंकला, तो आता गिळू?" आणि पेलाभर कोमट पाणी पिऊन ते गेले.

त्यानंतर अप्पा महिन्यातून दोनचारदा येऊ लागले. मंजूच्या ताटात रंग आले. आधी हिरवा, मग वरणाचा पिवळा, मग बिटाचा लाल. परवर खाल्लं, शेवग्याच्या शेंगा खाल्ल्या, केळफूल खाल्लं. बंगाल्यांच्या घरी भाताआधी कडूनिंबाचा पाला वांग्याबरोबर तळून खातात, तोसुद्धा तिने शेजारच्या बौदीकडे, म्हणजे आमच्या बंगाली वहिनींकडे, जाऊन खाल्ला आणि वर पुन्हा मागितला. बौदीने मला बोलावून विचारलं, तुमच्याकडे मुलीला जेवायला घालतात ना?

ह्यांची कुरकुर बंद झाली. उलट हे हपिसात सांगू लागले की आमच्याकडे एक चाखणारे येतात, कलकत्त्यात त्यांच्यासारखी जीभ नाही.

तोटाही झाला, तो लपवत नाही. ह्यांच्या वरिष्ठांकडे आम्ही जेवायला गेलो होतो. बाईंनी मोठ्या हौसेने खीर केली होती. मंजूने वाटी तोंडाला लावली, मोरी तुंबल्याचा तो आवाज काढला, खीर गालात फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "फ्लॅट." परत येताना ट्राममध्ये हे माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. खीर फ्लॅट होती, ही गोष्ट वेगळी.

अप्पांचा एक नियम मात्र कोणालाच कळत नसे. पाच वर्षांवरचं मूल ते घेत नसत. हावड्याच्या एका बाईंनी सहा वर्षांच्या मुलासाठी किती गळ घातली, पण अप्पा बधले नाहीत. "मोठा झाला तो. आता माझा उपयोग नाही." पाचवा वाढदिवस झाला की अप्पांचं त्या घरी येणं बंद. आई-बापांनी सहज जेवायला बोलावलं तरी काही ना काही सबब सांगून टाळायचे. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "अप्पा, आमच्या ह्यांना तांबडा भोपळा खायला शिकवा की." तर ह्यांच्याकडे नीट निरखून बघत म्हणाले, "सूनबाई, यांचा चेहरा बंद झालाय." आम्ही सगळे पोट धरून हसलो. हेसुद्धा.

थंडीत मला सर्दी झाली. कलकत्त्याच्या थंडीत कोळशाच्या शेगड्यांचा धूर संध्याकाळी खाली उतरून बसतो आणि आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची नाकं चोंदवून टाकतो. मला वास नाही, चव नाही. जेवायचं म्हणून जेवत होते. नेमकं त्याच आठवड्यात साताऱ्याहून आईने आमच्या एका नातेवाइकांबरोबर थालीपिठाची भाजणी पाठवली. भाजणी म्हणजे आमच्या घरात सोनं. इथे जात्याची गिरणी शोधा, धान्यं भाजा, कोण करणार? मी त्याच दिवशी अप्पांना निरोप दिला.

अप्पा दुपारी आले. हे हपिसात होते. मी तव्यावर थालीपीठ लावलं, भोकं पाडून कडेने तेल सोडलं. मंजू स्वयंपाकघराच्या दारात नाक दाबून उभी.

"आई, ट्रंकेचा वास येतोय."

"खोड काढू नकोस," मी म्हटलं. पांढऱ्यानंतर आता हे नवीन सुरू झालं, अशी माझी समजूत. "अप्पाआजोबा खातात की नाही बघ."

अप्पांनी सवयीप्रमाणे देवाकडे नजर टाकली. उदबत्ती नव्हती. "आज हवा स्वच्छ आहे," म्हणाले आणि बसले. थालीपिठाचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला, डोळे मिटले. "आहाहा. काय खमंग भाजणी आहे. सूनबाई, ही साताऱ्याची हे सांगायला नको. ब्रिस्क." एक थालीपीठ संपलं, दुसरं वाढलं. अप्पांचा असा रंग लागलेला पाहून मंजूचा निश्चय ढळला. तिने हात पुढे केला, अप्पांनी दोनदा ताट मागे घेऊन मग तुकडा दिला.

तिने तो तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला. ओकारी आली तिला. मग रडायला लागली. रडताना अप्पांकडे बोट दाखवून म्हणाली, "तुम्ही खोटं खाता."

मी तिला दटावणार तेवढ्यात दार वाजलं. शेजारची बौदी नाकाला पदर लावून उभी. "लेप-कंबल रोदे दियेछो ना की?" तिने विचारलं. म्हणजे दुलया-घोंगड्या उन्हात घातल्यात की काय, कारण सगळ्या जिन्यात डांबरगोळ्यांचा वास कोंदला होता.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नातेवाईक लग्नाला निघालेले. त्यांनी भाजणीची कापडी पिशवी ट्रंकेत शालूंच्या आणि शालींच्या घडीत ठेवली होती, आणि शालूंच्या घडीत डांबरगोळ्या होत्या. आगगाडीचा दोन दिवसांचा प्रवास भाजणीने त्यांच्या संगतीत केला होता. गरम तव्यावर पडल्यावर तो वास सगळ्या इमारतीला कळला. मला सर्दी होती म्हणून कळला नाही.

अप्पांना सर्दी नव्हती.

मी बौदीला कशीबशी वाटेला लावून आत आले. अप्पांच्या ताटात दुसऱ्या थालीपिठाचा अर्धा तुकडा होता. ते माझ्याकडे बघत होते. शाळेत पकडल्या गेलेल्या मुलासारखं त्यांचं तोंड झालं होतं. मंजू चूळ भरून त्यांच्यासमोर येऊन बसली होती, हुंदके देत.

"अप्पा," मी विचारलं, "कधीपासून?"

ते खूप वेळ चमचा रुमालाने पुसत राहिले. नंतर म्हणाले, "बरीच वर्षं झाली. ताप आला होता. ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. ऑफिसात जाऊन रांगेतला पहिला कप ओढला, तर तोंडात नुसतं गरम पाणी. दुसरा ओढला, तेच. सगळी रांग तशीच."

"म्हणजे चव अजिबात नाही?"

"खारट, गोड, आंबट, कडू एवढं जिभेच्या टोकाला लागतं. बाकी सगळी चव नाकात असते, सूनबाई. चाखणाऱ्याला ते पहिल्या दिवशी शिकवतात. कडू आहे हे मला कळतं. कारलं आहे हे कळत नाही." मग म्हणाले, "साहेब भला होता. गोदामाच्या कामावर बसवलं. मी बाहेर कोणाला बोललो नाही. चाखणाऱ्याचं नाक गेलं हे कसं सांगायचं?"

"आणि काकूंना?"

"तिला तर नाहीच. ती हौशी होती. रोज नवीन काही करायची आणि समोर बसून विचारायची, कसं झालंय? काय सांगणार? मिटक्या मारत जेवायला मी तिथे शिकलो. भुवया कधी वर न्यायच्या, डोळे कधी मिटायचे. ती गेली तेव्हाही तिला वाटत होतं की आपला नवरा कलकत्त्यातला सगळ्यात मोठा खवय्या आहे." अप्पा हसले. "ती गेल्यावर मी घरात मुडी पाण्यात भिजवून खातो. नाटक करायला समोर कोणी नको का?"

माझं नाक चोंदलेलंच होतं, आता डोळेही भरून आले. तो आठवडाभर मी तसंच जेवत होते, कागद चावावा तसं, आणि आठवड्यातच जीव विटला होता. या माणसाने ते वर्षानुवर्षं हसतमुखाने केलं होतं, आणि तेही दुसऱ्यांच्या ताटावर बसून.

"मग लोकांच्या घरी कशाला जेवता, अप्पा? तुम्हाला त्याचा काय आनंद?"

"एकदा सुमतीबाईंकडे गेलो होतो," ते म्हणाले. "त्यांचा नातू माझ्यासमोर बसला होता. मी जेवताना बघून त्याने माझ्या वाटीतलं चिंचेचं सार मागितलं. पहिल्यांदाच पीत होता. त्याचं तोंड असं झालं," अप्पांनी तोंड करून दाखवलं, "आणि सूनबाई, मला चिंच दिसली. नाकात नाही आली. पण दिसली. आमच्या घराच्या मागे चिंचेचं झाड होतं, त्याची चिंच. त्या दिवशी मी खरा जेवलो."

तेच पुढे म्हणाले, "मोठी माणसं चेहरा सांभाळून जेवतात. चार माणसांत काय दिसेल, करणारीला काय वाटेल. माझंच बघा ना. पाच वर्षांच्या आतलं मूल अजून ते शिकलेलं नसतं. त्याच्या तोंडात जे असतं ते सगळं तोंडावर येतं. मग ती शिकतात, आणि मला दिसेनासं होतं."

निघताना छत्री हातात घेऊन दाराशी घुटमळले. "मंडळात हे..."

"नाही सांगणार."

"बोलावणी बंद होतील म्हणून नव्हे हो," अप्पा म्हणाले. दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि वळून म्हणाले, "म्हणूनच."

अप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, सुमतीबाईही नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही. त्या वेळी मी ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. हे हपिसात 'कलकत्त्यातली सगळ्यात तयार जीभ' असं सांगत राहिले आणि मी मान हलवत राहिले. थालीपिठाचं एवढंच सांगितलं की भाजणी खराब निघाली. मंजूने अप्पांशी दोन दिवस कट्टी धरली आणि तिसऱ्या दिवशी सोडली. त्या दुपारी समोर बसून तिने काय ऐकलं आणि त्यातलं तिला काय कळलं, हे मी विचारलं नाही.

चैत्रात मंजू पाच वर्षांची झाली. अप्पा वाढदिवसाला आले, नवा फ्रॉक घातलेल्या मंजूच्या समोर बसून जेवले, चमचा नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. "मंजूबाई पास झाल्या," म्हणाले. "आता माझा उपयोग नाही."

"अप्पा, उपयोगासाठी थोडंच बोलावतो आम्ही? तुम्ही असेच येत जा," मी म्हटलं.

"येईन की," ते म्हणाले. येणारा माणूस 'येईन की' असं म्हणत नाही.

आलेच नाहीत. दोनदा निरोप धाडला, एकदा पोट बिघडलं होतं, एकदा लोडशेडिंगमध्ये जिना चढवत नव्हता. मंडळात कळलं की यंदा बदल्यांमुळे लहान मुलांची बिऱ्हाडं बरीच गेली आणि अप्पांना कुठलंच बोलावणं नाही. भवानीपूरच्या खोलीत पाण्यात मुडी भिजवून खाणारे अप्पा माझ्या डोळ्यांसमोर यायला लागले. मला माझा घास गोड लागेना. शेवटी मी खोटं बोलले. निरोप पाठवला की मंजूने पुन्हा सगळं सोडलं आहे, पांढऱ्यावर आली आहे, काही करून या.

अप्पा त्याच रविवारी हजर. उन्हाने लाल झालेले, पण चमचा बरोबर. मंजूच्या समोर पाट मांडला. मंजू भेंडीची भाजी अशी दडपत होती की माझं खोटं अर्ध्या मिनिटात उघडं पडलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी चटकन कैरीच्या फोडी वाढायला घेतल्या. मीठ-तिखट लावून केल्या होत्या. ह्यांनी बाजारातून कैऱ्या म्हणून आणलेल्या, पण झाडावरच पाडाला आलेल्या; कापताना मी एक फोड खाल्ली होती, चांगली गोडसर होती.

अप्पा फोड उचलणार तोच मंजू म्हणाली, "थांबा. आधी मी खाते. तुम्ही माझ्याकडे बघा."

अप्पांचा हात ताटावरच राहिला. मंजूने एक फोड तोंडात घातली. मग तिने दोन्ही डोळे घट्ट मिटले, खांदे कानापर्यंत नेले, अंग शहारून घेतलं, नाक मुरडलं, जीभ बाहेर काढली आणि जिवणी इतकी वाकडी केली की चेहऱ्याचं चेहरेपण राहिलं नाही. तसंच बराच वेळ धरून ठेवलं. नंतर एक डोळा किलकिला करून विचारलं, "दिसली?"

अप्पांनी सावकाश एक फोड उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. गोड आणि आंबट एवढं त्यांना जिभेच्या टोकाला कळत होतं. त्यांनी फोड चावली, थांबले, माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

मग अप्पांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले, खांदे कानापर्यंत नेले, आणि मंजूपेक्षाही वाकडं तोंड करून म्हणाले, "दिसली. फार आंबट आहे गं."

त्यानंतर दर रविवारी ते आमच्याकडे जेवायला असायचे.